महामारी, जिल्हा आणि एकहाती कारभाराचा समज

कोरोनाच्या काळात जिल्हा कसा सावरला, याचे एक ठरलेले उत्तर आपल्याकडे रूढ झाले आहे. सगळी सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आली, खात्याखात्यांच्या भिंती पडल्या, फायलींचा प्रवास थांबला, लोकप्रतिनिधी बाजूला राहिले आणि एकाच्या शब्दावर सगळी यंत्रणा हलली, म्हणून निभावले. प्रशासनावरच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि तालुक्याच्या चहाच्या टपरीवरही हेच मत थोड्याफार फरकाने ऐकू येते. त्यातून निघणारा निष्कर्षही ठरलेला आहे: पुढचे संकट आले की पहिल्या दिवसापासून एकहाती कारभार हवा. यवतमाळ जिल्ह्यात २०२० आणि २०२१ मध्ये जे घडले ते नीट पाहिले, तर हा निष्कर्ष टिकत नाही असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, हे खंडनाच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून आधी त्याची बळकट बाजू सांगतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. तालुके १६. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जिल्ह्याच्या अंगणातून जातो. त्यात आरोग्ययंत्रणेचे धनी तीन. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, आणि यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. एरवी यातल्या एकाचा कागद दुसऱ्याकडे पोहोचायला आठवडे लागतात. मार्च २०२० च्या मध्याला दुबईहून परतलेल्या प्रवाशांमुळे राज्यातल्या अगदी पहिल्या बाधित जिल्ह्यांत यवतमाळचे नाव आले, तेव्हा आठवडे नव्हतेच. कोणत्या इमारतीत विलगीकरण, कोणाची रुग्णवाहिका, नागपूरला नमुने घेऊन कोण जाणार, सीमेवरच्या नाक्यावर कोण उभे राहणार, हे तासाभरात ठरवणारा कोणीतरी एक लागतो. जिल्हाधिकाऱ्यांनी ते ठरवले. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांनी त्यांना तो अधिकार दिला. हे मला पूर्ण मान्य आहे.

आता उत्तरपक्ष. पहिला मुद्दा कायद्याचाच. एकहाती कारभाराचे समर्थक आपत्ती व्यवस्थापन कायद्याकडे बोट दाखवतात. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची रचना दिली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि ज्या जिल्ह्यात जिल्हा परिषद आहे तिथे तिचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष. हे पद सन्मानाखातर बोलावलेल्या पाहुण्याचे नाही. ते कायद्याने, पदसिद्ध दिलेले आहे. पोलीस अधीक्षक आणि जिल्ह्याचे आरोग्यप्रमुख सदस्य. पुढे ३२ वे कलम आणखी स्पष्ट आहे: जिल्ह्यातले प्रत्येक सरकारी कार्यालय आणि प्रत्येक स्थानिक संस्था यांनी आपापला आपत्ती आराखडा करायचा आहे. म्हणजे संसदेने २००५ मध्ये जे चित्र रंगवले त्यात एक माणूस आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारे बाकीचे, अशी रचनाच नाही. दोन अध्यक्ष आहेत, आणि आपले संकटातले काम स्वतः ठरवणारी अनेक खाती आहेत. गेल्या साथीत हा अर्धा कायदा वापरला गेला आणि उरलेला अर्धा विस्मरणात गेला. जे वापरलेच नाही त्याला निकामी ठरवण्याचा हक्क कोणालाही नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. महामारीत प्रशासनाला दोन प्रकारची कामे करावी लागतात. काही गोष्टी बंद करायच्या असतात आणि काही चालू ठेवायच्या असतात. बाजार, आठवडी बाजार, लग्ने, जत्रा, सीमा, एसटीच्या फेऱ्या बंद करायला एक आदेश पुरतो. पण रेशन, बाळंतपण, लसीकरण, कापसाची खरेदी, पाणीपुरवठा या गोष्टी आदेशाने चालत नाहीत. त्या चालवणारी माणसे रोज शेकडो लहान निर्णय घेतात. एकहाती कारभाराची सगळी कीर्ती पहिल्या प्रकारच्या कामांतून आली आहे. दुसऱ्या प्रकारची कामे ज्यांनी निभावली त्यांची गोष्ट सांगितलीच गेली नाही.

कापसाचे घ्या. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा भारतीय कापूस महामंडळाची आणि पणन महासंघाची खरेदी थांबली. यवतमाळात हा साधा व्यापाराचा प्रश्न नसतो. घरातल्या एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याला आगीची भीती, त्यातल्या किडीने अंगाला खाज, आणि खरिपाच्या बियाण्याला लागणारा पैसा त्याच ढिगात अडकलेला. खरेदी पुन्हा सुरू करायची ठरली तेव्हा कळले की केंद्र सुरू करा म्हटल्याने केंद्र सुरू होत नाही. प्रतवारी करणारा ग्रेडर लागतो. जिनिंगमध्ये मजूर लागतात, आणि ते तर आपापल्या गावी निघून गेलेले. सरकी आणि गठाणी ठेवायला जागा लागते. शेतकऱ्यांची गर्दी होऊ द्यायची नाही, म्हणून बाजार समित्यांनी नोंदणी करून क्रमांकाप्रमाणे दिवसाला ठरावीक गाड्या बोलवायच्या. ज्याचा क्रमांक लागला त्याच्या नावावर दुसऱ्याच कोणाचा कापूस येत नाही ना, हे पाहायला सातबारा आणि पीकपेरा जाणणारा माणूस हवा. बाजार समितीचे सचिव, सहकार खात्याचे सहायक निबंधक, जिनिंगचालक, तलाठी यांच्यातल्या या घासाघाशीतून ती व्यवस्था उभी राहिली. ती रखडतच चालली. मृग आला तरी राज्यात अनेकांच्या घरी कापूस होताच. पण जेवढी चालली तेवढी ती या खात्यांच्या स्वतःच्या कामाच्या जाणकारीवर चालली. आपत्तीचा कायदा ग्रेडर निर्माण करू शकत नाही.

रेशनचेही तसेच. पॉस यंत्रावर प्रत्येक कार्डधारकाने अंगठा लावायचा हा नियम भ्रष्टाचाराला आळा घालायला आणलेला. साथीत तोच अंगठा संसर्गाचे साधन ठरला असता. अन्न व नागरी पुरवठा विभागाने तेव्हा दुकानदाराच्या स्वतःच्या अंगठ्यावर धान्य द्यायची मुभा दिली. यात गैरव्यवहाराची जोखीम होती आणि खात्याला ती माहीत होती. तरी एक नियम कशासाठी आहे हे ओळखून तो तात्पुरता बाजूला ठेवायचा आणि त्याच्या जागी गावातल्या दक्षता समितीचे डोळे वापरायचे, हा निर्णय त्या खात्यालाच घेता आला. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्याची भर पडली तेव्हा तीच दुकाने, तेच दुकानदार तो भार उचलू शकले. शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली तीही याच खात्याच्या हातून.

एसटीचा उल्लेख न करता पुढे जाणे मला बरे वाटत नाही. फेऱ्या बंद असताना मे महिन्यात याच महामंडळाच्या गाड्या परप्रांतीय मजुरांना सीमेपर्यंत आणि रेल्वेपर्यंत पोहोचवत होत्या. १९ मे २०२० रोजी सोलापूरहून नागपूरकडे मजूर घेऊन निघालेली अशीच एक बस आर्णी तालुक्यात कोळवनजवळ ट्रकवर आदळली आणि चार जण मृत्युमुखी पडले. साथीत प्राण गेलेल्यांच्या यादीत हे चौघे धरले जात नाहीत. ते धरायला हवेत.

बंद करण्याचे कामही समजतो तितके सरळ नसते, हे जिल्ह्यातल्याच वणीने दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद असताना तिथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले. दुकाने बंद करण्याचा आदेश एका ओळीचा असतो. पण व्यसनात अडकलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करेल हे उत्पादन शुल्क खात्याच्या शिपायाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ठाऊक असते. अशी माणसे आदेश निघण्यापूर्वी निर्णयाच्या टेबलाशी बसलेली असायला हवीत.

आता एकहाती कारभाराच्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. सगळे कर्मचारी एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आले की ते एकाच कोठारातल्या धान्यासारखे दिसू लागतात. जिथे कमी पडेल तिथे ओतायचे. शिक्षक तपासणी नाक्यावर, ग्रामसेवक विलगीकरण केंद्रात, अंगणवाडी सेविका सर्वेक्षणाला, कृषी सहायक संपर्कशोधनाला. याला तेव्हा कौतुकाने समन्वय म्हटले गेले. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने या वृत्तीला बळच दिले. वर्षाच्या तरतुदीतले ३३ टक्केच पैसे खर्चायचे, नवी कामे नाहीत, आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन हीच प्राधान्याची खाती. उरलेल्या खात्यांकडे पैसा नाही, म्हणजे काम नाही, म्हणजे त्यांची माणसे मोकळी, असा हिशेब झाला. पण शिक्षक नाक्यावर गेला तेव्हा तांड्यावरच्या मुलाची शाळा थांबलेली होती, तिचे काम संपलेले नव्हते. उसने घेतलेल्या प्रत्येक हाताने आपल्या मूळ जागी एक भोक ठेवले, आणि ते कोणाच्याच तक्त्यात दिसत नव्हते.

ते भोक कधी दिसले? ३१ जानेवारी २०२१ ला, रविवारी. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी या गावात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात हातांना लावायचे सॅनिटायझर गेले. सगळी पाच वर्षांच्या आतली. सुदैवाने यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ठेवल्यावर ती सुखरूप राहिली. देशभर बातमी झाली, तीन जणांवर कारवाई झाली आणि प्रकरण मिटले. चूक अक्षम्य होती आणि तिची जबाबदारी ठरायलाच हवी होती. पण त्या तारखेकडे पाहा. पोलिओचा दिवस मुळात १७ जानेवारीला ठरलेला होता. १६ जानेवारीला कोविड लसीकरण सुरू झाले म्हणून तो पंधरा दिवस पुढे ढकलला गेला. म्हणजे एकाच पंधरवड्यात एकाच यंत्रणेवर देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी नवी मोहीम आणि वर्षानुवर्षांची जुनी मोहीम येऊन पडल्या. त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’साठी घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली ती याच यंत्रणेने. ज्या बूथवर वर्षानुवर्षे लहान बाटली म्हणजे पोलिओची लस एवढीच सवय होती, तिथे आता सॅनिटायझरच्या बाटल्याही कायमच्या आल्या होत्या. थकव्यामुळेच चूक झाली असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणतो की बूथवरच्या कामाची पद्धत बदलली असताना ती पद्धत पुन्हा शिकवायला, बाटल्या वेगळ्या ठेवायची शिस्त लावायला, पर्यवेक्षकाला प्रत्येक बूथवर उभे राहायला जो वेळ लागतो, तो वेळ आरोग्य खात्याकडे उरला होता का, हे कारवाईच्या आदेशात विचारले गेले नाही. खऱ्या अर्थाने जुळवून घेणे म्हणजे हेच काम. ते जिल्हाधिकारी कार्यालयातून होत नाही. ते तालुका आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सहायिका यांनी करायचे असते, आणि त्यांना त्यासाठी मोकळे ठेवावे लागते.

वरच्या आदेशाखाली खालच्या माणसाचे काय होते याच्या आणखी दोन खुणा. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रार करत सामूहिक राजीनामे पुढे केले. साथ ऐन भरात असताना. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा मी इथे करत नाही. मुद्दा रचनेचा आहे: एका माणसाशी बिनसले की सगळ्या जिल्ह्याची आरोग्यसेवा अडते अशी रचना आपण मजबूत कशी म्हणायची? सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्या टेबलाशी असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आपल्याच संस्थेत दाद मागण्याची एक जागा मिळाली असती. दुसरी खूण जून २०२१ ची. राज्यभरच्या आशा सेविकांनी संप केला. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते: काम वाढत गेले, मोबदला नाही. ज्यांच्या पायांवर सगळे सर्वेक्षण उभे होते त्यांना कोणत्याही प्राधिकरणाच्या बैठकीत आवाज नव्हता, म्हणून त्यांना रस्त्यावर यावे लागले.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, लोक ऐकत नाहीत, म्हणून सक्ती लागते आणि सक्तीला एक हात लागतो. या युक्तिवादाचे वय सव्वाशे वर्षे आहे. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठी आला आणि त्याचा पहिला मोठा प्रयोग पुण्यात झाला. रँडसाहेबाला प्लेग समितीचे प्रमुख करून लष्कराच्या तुकड्या घराघरांत घातल्या. त्या वर्षीच्या २२ जूनला काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्यानंतर सरकारने काय केले याची आठवण कमी लोकांना आहे. पुढच्या काही वर्षांत इंग्रज सरकारनेच ही घरझडतीची आणि सक्तीच्या विलगीकरणाची पद्धत हळूहळू सैल केली. लोकांनी आपणहून गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहणे, स्थानिक प्रतिष्ठितांची मदत घेणे, लस ऐच्छिक ठेवणे, या वाटेने ते गेले. परकी सत्तेलाही जे उमजले, ते स्वकीय प्रशासनाने विसरावे याचे मला दुःख होते.

आणि हा धडा पुन्हा ताजा झाला तो आपल्याच परिसरात. एप्रिल २०२१ मध्ये घाटंजीच्या कोविड केंद्रातून वीस रुग्ण निघून गेले. प्रशासनाच्या भाषेत ते पळाले. त्यांना उचलून केंद्रात ठेवले होते, आणि घरी बैल, म्हातारी माणसे, उन्हाळी काम तसेच पडलेले होते. जवळपास त्याच सुमारास शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, भोकर तालुक्यातल्या भोसी गावात ११९ जण बाधित निघाले. तिथे जिल्हा परिषदेच्या सदस्याने, ग्रामपंचायतीने आणि आरोग्य खात्याने मिळून ठरवले की बाधितांनी आपापल्या शेतात जाऊन पंधरा-सतरा दिवस राहायचे. ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी त्या सदस्याने स्वतःच्या शेतात शेड उभारले. आशा आणि आरोग्यसेवक शेतावर जात, जेवण आणि औषध तिथेच पोहोचे. गावातली साथ ओसरली. वावरात राहणे ही विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची रोजची गोष्ट. जागलीला माणूस महिनोन्महिने वावरात झोपतो. केंद्राची इमारत शोधणाऱ्या कार्यालयाला हे सुचले नसते. निवडून आलेल्या माणसाला सुचले, कारण तो त्याच वावराच्या वाटेने जातो. कोलामांच्या पोडावर किंवा बंजारा तांड्यावर लस घ्यायला कोणाच्या शब्दावर माणसे पुढे येतील हेही असेच. तांड्याचा नाईक कोण आणि पोडावर कोणाचा मान, हे पंचायत समितीच्या सदस्याला विचारल्यावर दोन मिनिटांत कळते.

मंडन असे. पुढच्या साथीतही जिल्हाधिकारी अध्यक्ष असावेत, सीमा आणि रुग्णालये यांचे तातडीचे निर्णय त्यांनीच घ्यावेत. पण प्राधिकरणाच्या प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तावर सहअध्यक्षांची सही असावी. ३२ व्या कलमाखालचा प्रत्येक खात्याचा आराखडा आजच्या शांत काळात तयार व्हावा, आणि त्यात एक गोष्ट ठळकपणे असावी: कोणते काम काहीही झाले तरी थांबणार नाही आणि त्यासाठी कोणती माणसे कोणालाही उसनी दिली जाणार नाहीत. नियमित लसीकरण, प्रसूती, क्षयरोगाची औषधे ही आरोग्य खात्याची अशी कामे. पेरणीपूर्वीची खरेदी आणि देयके ही सहकार खात्याची. ज्यांना उसने घेतले जाईल त्यांचा मोबदला आणि परतीची तारीख आदेशातच लिहिलेली असावी. ग्रामपंचायतीला काही रक्कम पूर्वपरवानगीशिवाय खर्चता यावी. वरून काय वाटायचे ते ठरवले की काय होते, हे आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथी गोळ्यांच्या वाटपाच्या निर्णयात राज्याने पाहिले. विज्ञानाचा आधार नसलेल्या त्या गोळ्यांऐवजी कित्येक गावांनी तोच पैसा तापमापक आणि ऑक्सिमीटरवर खर्च केला असता.

शेवटची हरकत उरते. लोकप्रतिनिधी आले की राजकारण येते, ठेके येतात, आपल्या माणसाला खाट मिळते. ही भीती खोटी नाही. पण राजकारण नसलेल्या काळाचा प्रयोगही आपण करून पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या आणि मुदत संपत गेलेल्या पंचायतींवर प्रशासक आले. अनेक ठिकाणी एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे कित्येक गावे होती. त्या काळात गाव अधिक चांगले चालले असे कोणी दाखवून दिलेले नाही. मग १५ जानेवारी २०२१ रोजी, साथ सुरू असतानाच, राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरले आणि पार पडले. महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, यवतमाळात नवे निर्बंध लागले, कारण दुसरी लाट राज्यात आधी अमरावती-यवतमाळकडेच उसळली. नवे सरपंच खुर्चीत बसतात न बसतात तोच ती त्यांच्या दारात होती. आणि जून २०२१ मध्ये राज्य सरकारने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली, प्रत्येक महसुली विभागात पहिल्या गावाला ५० लाखांचे बक्षीस ठेवून. त्या स्पर्धेच्या निकषांवर काम करायचे होते ते गावच्या पथकांनी, सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि आशांनी. ज्या सरकारने मार्च २०२० मध्ये यांना बाजूला बसवले होते, त्यानेच पंधरा महिन्यांनी त्यांना हाक दिली. ती हाक पहिल्या आठवड्यात देता आली असती, आणि तसे करायला कोणताही नवा कायदा लागला नसता.